मक्केतल्या मस्जिद-ए-हराममध्ये (काब्याभोवतीची मशीद) जुनं काय उरलंय, आणि जुनं उरायलाच हवं का?

हर्णैकर
नमस्कार मंडळी. आमच्या घरी भिंतीवर मक्केचे दोन फोटो आहेत. एक आजोबा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते तेव्हा आणलेला. त्यात काब्याभोवती बुटक्या घुमटांची ओळ, मागे उघडेबोडके डोंगर आणि डोंगरावर अजयादचा किल्ला. दुसरा बहिणीने हल्ली उमऱ्याला (हजच्या ठरलेल्या दिवसांखेरीज केव्हाही करता येणारी मक्केची छोटी यात्रा) गेल्यावर काढलेला. त्यात किल्ला नाही, तो डोंगरही नाही, त्या जागी ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा टॉवर. दोन्ही फोटोंत सारखा फक्त मधला काळा चौकोन.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे कुणाला वाटायला नको की मी नुसता प्रश्न विचारून पळून गेलो. मस्जिद-ए-हरामचं पावित्र्य जागेचं आहे, बांधकामाचं नाही. काबा आगीत जळला, पुरात पडला, युद्धात दगडांचा मारा झाला, प्रत्येक वेळी पुन्हा बांधला आणि कुणाच्याही श्रद्धेला तडा गेला नाही. हे सगळं मान्य असूनही २००२ साली तो किल्ला पाडला आणि तुर्कस्तानने निषेध केला तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. मग प्रश्न असा की आज त्या मशिदीत खरोखर जुनं काय शिल्लक आहे? आणि जर जागाच पवित्र असेल तर जुन्या कमानींसाठी, किल्ल्यांसाठी हळहळायचं की नाही? जाऊन आलेल्यांनी तर नक्की लिहा.

वाचनवेडी
छान विषय. मी मुसलमान नाही, त्यामुळे माझा प्रश्न एकदम पहिलीतला आहे. मशीद आहे म्हणून काबा पवित्र की काबा आहे म्हणून मशीद? आणि मदिना, जेरुसलेम यांचं स्थान काय? शाळेत इतिहासात दोन ओळी होत्या, त्यापुढे काही कळलं नाही.

नागपूरची_संत्री
पॉपकॉर्न नको, चहा घेऊन बसते. लिहा सावकाश.

हर्णैकर
वाचनवेडी ताई, काबा आधी, मशीद नंतर. कुराणात आले-इम्रान सूरेत म्हटलंय की माणसांसाठी उभारलेलं पहिलं उपासनागृह ते हेच. बकरा सूरेत इब्राहीम आणि इस्माईल, म्हणजे बापलेक, या घराच्या भिंती उभारताना दुआ करतात असं वर्णन आहे. हेच इब्राहीम ज्यू आणि ख्रिश्चन लोकांचे अब्राहम. बीबी हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये धावल्या आणि जमजमचा झरा फुटला, म्हणून हज-उमऱ्याला आजही सगळे त्या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात. एका आईच्या घालमेलीची आठवण कोट्यवधी लोक पायांनी चालून जपतात, मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं.

पैगंबर साहेब (स.) मदिनेला आल्यावर सुरुवातीला साधारण १६-१७ महिने नमाज जेरुसलेमकडे तोंड करून व्हायची. मग इ.स. ६२४ मध्ये आयत उतरली आणि किब्ला, म्हणजे नमाजची दिशा, काब्याकडे वळला. म्हणून अल-अक्साला पहिला किब्ला म्हणतात. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, अशी की खास प्रवास करून जावं अशा मशिदी तीनच, मस्जिद-ए-हराम, मदिनेची मस्जिद-ए-नबवी आणि अल-अक्सा. हराममधली एक नमाज इतर ठिकाणच्या एक लाख नमाजांबरोबर, मदिनेतली हजारांबरोबर. आणि नुसती मशीदच नाही, भोवतालची ठरलेली हद्द सगळी हरम. तिथे शिकार करायची नाही, आपोआप उगवलेलं झाड तोडायचं नाही.

कमान_आणि_कळस
मी आर्किटेक्ट, त्यामुळे माझं लक्ष बांधकामाकडे. हर्णैकर, तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे की कधीतरी एक 'मूळ' मशीद होती आणि सौदी लोकांनी ती बदलली. पैगंबरांच्या काळात तिथे मशीद म्हणून इमारतच नव्हती, मधे काबा, भोवती मोकळी जागा आणि त्या जागेला टेकून लोकांची घरं. ६३८ साली मोठा पूर आला, त्यानंतर खलिफा उमर यांनी आजूबाजूची घरं विकत घेऊन पाडली आणि कमरेएवढी, फार तर पुरुषभर उंचीची भिंत घातली. काही लोक विकायला तयार नव्हते, तर त्यांचे पैसे काब्याच्या खजिन्यात ठेवून घरं पाडली, आणि त्यांना सांगितलं की तुम्ही काब्याच्या अंगणात येऊन राहिलात, काबा तुमच्या अंगणात आलेला नाही. म्हणजे रुंदीकरणासाठी भूसंपादन आणि पाडापाडी ही या मशिदीची सुरुवातीपासूनची कथा आहे!

नंतर खलिफा उस्माननी ६४६ च्या सुमारास छत असलेले सोपे घातले. अब्बासी खलिफा महदीने ७७० च्या दशकात आणि पुढे मोठी वाढ केली, कारण काबा अंगणाच्या मध्यभागी येत नव्हता, एका बाजूला दरीचा ओढा होता, तो वळवून दक्षिणेची बाजू वाढवली. तुमच्या आजोबांच्या फोटोतले घुमट त्यानंतर आठशे वर्षांनी आले. उस्मानी (तुर्की ऑटोमन) सुलतान दुसरा सलीम याच्या हुकमाने १५७१ च्या सुमारास काम सुरू झालं, आराखडा त्यांचा मुख्य वास्तुकार मिमार सिनान याच्या हाताखालचा, सपाट लाकडी छतं काढून घुमट बसवले. त्या काळातल्या कुणी जुन्या अब्बासी छतासाठी अश्रू ढाळले असतील तर आपल्याला माहीत नाही, पण ढाळले असणारच.

वाचनवेडी
आणि खुद्द काबा? तो किती जुना?

कमान_आणि_कळस
आज दिसतात त्या भिंती बहुतांश १६३० नंतरच्या. त्या वर्षी पूर येऊन भिंती कोसळल्या आणि उस्मानी सुलतान चौथ्या मुरादने बांधून घेतल्या. १९९६ मध्ये आतून आणि छताची मोठी दुरुस्ती झाली. उंची साधारण १३ मीटर.

हर्णैकर
कमान साहेब, घरं पाडली तो मुद्दा मान्य, जोरदार आहे. पण मी त्याच इतिहासातली दुसरी बाजू सांगतो.

पैगंबरांना अजून पैगंबरी मिळाली नव्हती तेव्हा, साधारण ६०५ साली कुरैश जमातीने काबा नव्याने बांधला. जेद्द्याच्या किनाऱ्याजवळ एक रोमन जहाज फुटलं होतं, त्याचं लाकूड त्यांनी छताला वापरलं. (आम्ही बंदरावरची माणसं, आमच्याकडे फुटलेल्या जहाजाचं लाकूड घराला लागतं तसंच, ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हापासून काबा मला परका वाटला नाही.) काब्याच्या कोपऱ्यातला पवित्र काळा दगड कुणी बसवायचा यावर तलवारी निघायची वेळ आली तेव्हा पैगंबरांनी चादर पसरून दगड त्यात ठेवला, सगळ्या टोळ्यांच्या प्रमुखांना टोकं धरायला लावली आणि शेवटी स्वतःच्या हाताने बसवला. कुरैशनी ठरवलं होतं की या कामात फक्त सचोटीचा पैसा लावायचा, आणि तो कमी पडला, म्हणून इब्राहीमच्या पायाचा काही भाग बाहेर राहिला. तोच आजचा हतीम, अर्धगोल भिंतीच्या आतली जागा.

आता पुढचं ऐका. पैगंबर साहेब आपल्या पत्नी हजरत आयशांना म्हणाले होते की तुझे लोक नुकतेच इस्लाममध्ये आलेत, नाहीतर मी हा काबा पाडून इब्राहीमच्या पायावर पुन्हा बांधला असता. ६८३ मध्ये वेढ्यात काबा जळाला, काळ्या दगडाला तडे गेले, तेव्हा मक्केवर ताबा असलेल्या अब्दुल्लाह इब्ने जुबैर यांनी हेच वचन धरून हतीम आत घेऊन, जमिनीलगत दोन दारं ठेवून काबा बांधला. दहा वर्षांच्या आत उमय्या खलिफाचा सेनापती हज्जाजने मक्का जिंकली, इब्ने जुबैर मारले गेले आणि काबा परत कुरैशच्या मापाचा केला. नंतर एका अब्बासी खलिफाला वाटलं की पुन्हा इब्ने जुबैरसारखा करूया, तर मोठे धर्मपंडित इमाम मालिक यांनी त्याला अडवलं. त्यांचं म्हणणं, असं केलं तर अल्लाहचं घर राजांचं खेळणं होईल, जो येईल तो पाडेल आणि बांधेल. जास्त बरोबर माप कुठलं हे ठाऊक असूनही त्यांनी हात लावू दिला नाही! माझी हळहळ या इमाम मालिकांच्या बाजूची आहे.

नागपूरची_संत्री
इमाम मालिक यांचा मुद्दा छापून सगळ्या नगरपालिकांत लावायला हवा. (हा धागा पंढरपूर कॉरिडॉरकडे वळवू नका कुणी, तो वेगळा आहे आणि तिथे आधीच शंभरावर प्रतिसाद आहेत.)

सह्याद्रीवारा
मला एक विचारायचंय, भांडण म्हणून नाही. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलंय की काबा म्हणजे मूळ मक्केश्वर, तिथे शिवलिंग होतं, विक्रमादित्याचा शिलालेख होता वगैरे. व्हॉट्सॲपवर तर दर महिन्याला येतं. यात काही तथ्य? आणि मूर्तिपूजा नाही म्हणता तर मग काळ्या दगडाचं चुंबन का?

इतिहासाचं_पान
सह्याद्रीवारा, शांतपणे विचारलंत म्हणून शांतपणे उत्तर देतो. शिवलिंगाला किंवा विक्रमादित्याच्या शिलालेखाला कसलाही पुरावा नाही. काब्यात इस्लामच्या आधी मूर्ती होत्या हे कुणी लपवलेलंच नाहीये, मुस्लिम इतिहासकारांनीच ते नावानिशी लिहून ठेवलंय. ९ व्या शतकात अल-अझरकीने मक्केचा सविस्तर इतिहास लिहिला. इब्न अल-कल्बीने तर अरबांच्या मूर्तींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिलाय. त्यात मुख्य मूर्ती हुबलची, लाल अकीकाची, उजवा हात तुटलेला म्हणून कुरैशनी सोन्याचा बसवलेला. जमजमजवळ इसाफ आणि नाइला. एकूण ३६० मूर्ती काब्याभोवती, आणि जानेवारी ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर पैगंबरांनी त्या काढल्या. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्यांनी भारतातल्या राजाचा शिलालेख तेवढा वगळला असता असं वाटत नाही. अरबांचे देव अरबांचेच होते, त्यात त्यांचा कमीपणा नाही आणि आपलाही नाही.

सलमाआपा
दगडाचं मी सांगते बेटा. खलिफा उमर यांनी तवाफ (काब्याभोवतीच्या सात प्रदक्षिणा) करताना त्या दगडाला उद्देशून म्हटलं होतं, मला ठाऊक आहे तू एक दगड आहेस, तू कुणाचं भलं करू शकत नाहीस की वाईट, मी पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. हे बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. आम्ही दगडाकडे काही मागत नाही. गर्दीत पोचता आलं नाही तर लांबून हात उंचावला तरी झालं, तवाफ पूर्ण होतो. धक्काबुक्की करून चुंबन घेण्यापेक्षा कुणाला ढकललं नाही याचा सवाब (पुण्य) जास्त, असं आमच्या मौलाना साहेबांनी निघायच्या आधीच बजावलं होतं.

इतिहासाचं_पान
आपांच्या मुद्द्याला जोडून. ९३० मध्ये करमती नावाच्या पंथाच्या अबू ताहिरने ऐन हजच्या दिवसांत मक्केवर हल्ला केला, यात्रेकरूंची कत्तल केली आणि काळा दगड उचलून पूर्व अरबस्तानात नेला. तो परत आला ९५१ च्या सुमारास. साधारण २२ वर्षं कोनाडा रिकामा होता आणि लोक त्या रिकाम्या जागेला हात लावून तवाफ करत होते. हर्णैकरांचं जागेबद्दलचं मत याहून पक्कं कशाने होणार?

सह्याद्रीवारा
हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद. तो मेसेज पुन्हा आला की हाच धागा चिकटवतो.

आखाती_मराठी
मी जेद्द्याला नोकरीला आहे, मुसलमान नाही. मक्का इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. हायवेवर पुढे मोठी पाटी येते, सरळ गेलात तर मक्का, फक्त मुस्लिमांसाठी, बाकीच्यांनी उजवीकडे वळायचं. पहिल्यांदा ती पाटी पाहिली तेव्हा थोडं लागलं मनाला. नंतर ऑफिसमधल्या एका मित्राशी बोललो, तो म्हणाला तौबा सूरेतल्या आयतीवरून हा नियम आहे आणि तो नुसत्या मशिदीला नाही, सगळ्या हरम हद्दीला आहे. आपल्याकडे पुरीच्या जगन्नाथ मंदिरातही बिगरहिंदूंना प्रवेश नाही. मला स्वतःला दोन्हीकडे बंदी नसती तर आवडलं असतं, पण दुसऱ्याच्या घरात त्याचे नियम. दर वर्षी हजच्या आधी जेद्द्याच्या विमानतळावर ते तंबूच्या आकाराच्या छपराचं हज टर्मिनल माणसांनी भरून जातं आणि त्यात मराठी बोलणं कानावर पडलं की मी मुद्दाम थांबतो. मागे एक परभणीकडच्या आजी पाणी शोधत होत्या, त्यांना मराठीत उत्तर मिळालं तर रडायलाच लागल्या.

बीडचा_बागवान
परभणी म्हटलं म्हणून लिहितो. आम्हा मराठवाड्याच्या लोकांसाठी मक्केत निजामाची रुबात आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या यात्रेकरूंना राहायला निजामाने मशिदीजवळ इमारती घेऊन ठेवल्या होत्या, रुबात म्हणजे यात्रेकरूंचं मोफत मुक्कामाचं ठिकाण, धर्मशाळाच. संस्थान गेलं, मराठवाडा महाराष्ट्रात आला, तरी हक्क राहिला. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकातले जुने निजामी जिल्हे, इथल्या हाजींमधून नावं काढतात. नाव लागलं तर राहायचा खर्च वाचतो आणि गरीब माणसाला तो खर्च केवढा असतो ते ज्याचं त्याला माहीत. मशीद वाढत गेली तशा जवळच्या जुन्या इमारती त्यात गेल्या. म्हणून हर्णैकरभाई, तुमचा किल्ला तुम्हाला दिसतो, आम्हाला रुबाती दिसतात. जवळ राहणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पाचही वक्त हरममध्ये जाता येणं. आता जवळ फक्त पंचतारांकित हॉटेलं.

हर्णैकर
बागवानभाई, हे तुम्ही फार नेमकं लिहिलंत. यावर परत येतो.

हातमागवाली
थोडं अवांतर, पण काब्याच्या काळ्या आवरणाबद्दल कुणी लिहील का? मी साड्यांच्या मागावर काम करणाऱ्यांमध्ये वाढले, त्यामुळे फोटोत पहिली नजर कापडावरच जाते.

इतिहासाचं_पान
अवांतर कशाला! किस्वा म्हणतात त्याला. काळं रेशीम, त्यावर सोन्या-चांदीच्या तारेने कुराणातल्या आयती. रेशीमच साडेसहाशे किलोच्या वर लागतं. पूर्वी रंग कायम काळा नव्हता, पांढरा, लाल, हिरवा सगळे होऊन गेलेत. कित्येक शतकं हे कापड इजिप्तमधून यायचं, उंटावरच्या महमल नावाच्या सजवलेल्या पालखीसोबत वाजतगाजत. १९२६ साली त्या मिरवणुकीवरून मक्केजवळ झटापट झाली, माणसं मेली, आणि इजिप्तकडून कापड येणं थांबलं. मग राजा अब्दुल अझीझने १९२७ मध्ये मक्केतच अजयाद भागात किस्व्याचा कारखाना काढला आणि तिथे विणायला कोण आणले माहितीये? हिंदुस्थानी विणकर! पहिला मक्केत विणलेला किस्वा आपल्याकडच्या कारागिरांच्या हातचा आहे. हे आवरण दर वर्षी बदलतात, पूर्वी हजच्या दिवसांत ९ जिल्हिज्जला, २०२२ पासून १ मुहर्रमला, म्हणजे हिजरी वर्षाच्या पहिल्या दिवशी.

हातमागवाली
अंगावर काटा आला. त्या विणकरांची नावं कुठे लिहिलेली असतील का हो... विणकराचं नाव कधीच कुठे नसतं.

सलमाआपा
आता माझी हकीकत, कारण कुणीतरी म्हणालं जाऊन आलेल्यांनी लिहा. मी आणि आमचे हे जहाजाने गेलो होतो, मुघल लाइनच्या. १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजं जायची, नंतर बंद. आधी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, लसीचे दाखले, सामान, आणि निरोप द्यायला अख्खं गाव उतरलेलं. प्रत्येक जण कानात आपली दुआ सांगणार, माझ्या मुलीचं लग्न, माझ्या भावाची नोकरी, मी वहीत लिहून घेतल्या होत्या कारण तिथे जाऊन एखादी विसरले तर काय तोंड दाखवू. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तर रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या होत्या, नंबराआधी एच ए छापलेलं. १९५९ ची गोष्ट.

आठ-दहा दिवस समुद्र. यलमलमच्या (जिथून पुढे इहरामशिवाय जायचं नसतं ती हद्द) समोर आलो की जहाजावर पुकारायचे, इहराम, म्हणजे यात्रेची कापडं, बांधा. श्रीमंत गरीब सगळे त्या दोन पांढऱ्या कापडांत, आणि एकदम 'लब्बैक' (हजर आहे) असा पुकारा सुरू व्हायचं, खालच्या डेकपासून वरपर्यंत. विमानाने गेलेल्या माझ्या मुलांना हे मिळालं नाही, ते घरूनच किंवा विमानतळावरच इहराम बांधून निघाले.

हरममध्ये तेव्हा जमजमला पायऱ्या उतरून खाली जायचं, बायकांची बाजू वेगळी, नळ लावलेले. आता त्या पायऱ्या बंद, वर सपाट फरशी, विहीर तिथेच आहे काब्यापासून वीसेक मीटरवर पण वरून काही कळत नाही. पाणी नळांनी आणि पिंपांनी मिळतं. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या वेळी अंगणात खडी होती आणि मधून दगडी वाटा, दुपारी पाय भाजायचे. आता पांढरा संगमरवर, ग्रीसच्या थासोस बेटावरचा, कडक उन्हातही पाय टेकवता येतात. ज्याने अनवाणी तवाफ केलाय त्याला विचारा जुनं चांगलं की नवं.

आणि एक गोष्ट बायकांनी लक्षात घ्या. तवाफ पुरुष-बायका एकत्रच करतात, एकाच वर्तुळात, आणि इहराममध्ये बाईने चेहऱ्यावर नकाब बांधायचा नसतो. बाहेरच्यांना वाटतं त्यापेक्षा ती जागा फार मोकळी आहे.

नागपूरची_संत्री
आपा, वहीतल्या सगळ्या दुआ सांगितल्या का? आणि भावाला नोकरी लागली का?

सलमाआपा
सगळ्या सांगितल्या. नोकरी लागली, एस्टीत. लग्नही झालं त्या मुलीचं, आता तिला नातू आहे.

रात्रपाळी
१९७९ चं कुणीच लिहिलं नाही. २० नोव्हेंबरला, हिजरी १४०० च्या पहिल्याच दिवशी, जुहैमान अल-उतैबी आणि त्याच्या शेकडो सशस्त्र लोकांनी पहाटेच्या नमाजनंतर मशिदीचा ताबा घेतला आणि आपल्यातल्या एकाला महदी (शेवटच्या काळात येणारा उद्धारकर्ता) म्हणून जाहीर केलं. दोन आठवडे लढाई चालली, तळघरांपर्यंत. ज्या हद्दीत झाडाची फांदी तोडत नाहीत तिथे गोळीबार. माझे वडील तेव्हा आखातात होते, ते सांगायचे की लोक रेडिओला कान लावून रडत होते. त्यानंतर सौदी राजवट धर्माच्या बाबतीत आणखी कडक झाली, त्याचे परिणाम सगळ्या मुस्लिम जगाने भोगले. जुनं काय उरलं विचारताना हेही त्या भिंतींनी पाहिलंय हे विसरू नये.

कमान_आणि_कळस
रात्रपाळी, चांगली आठवण. आता मूळ प्रश्नाकडे. मी गर्दीच्या बाजूने बोलणार. २०१२ मध्ये हजला ३० लाखांच्या वर लोक होते. तेराव्या शतकात काय आणि सिनानच्या काळात काय, हे आकडे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पूर्वी सफा-मरवाची वाट म्हणजे सरळसरळ बाजारपेठेचा रस्ता होता, दोन्हीकडे दुकानं, मधून जनावरं, त्यातून लोक फेऱ्या घालायचे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या सौदी विस्तारात ती वाट मशिदीच्या आत आली, मजले झाले, व्हीलचेअरला वेगळा मार्ग झाला. हे वाईट आहे का? चेंगराचेंगरीत माणूस मरण्यापेक्षा कमान गेलेली बरी.

हर्णैकर
बरी, नक्कीच. पण बांधकामाच्या घाईतही माणसं मेली आहेत. ११ सप्टेंबर २०१५ ला विस्ताराच्या कामावरची क्रेन मशिदीत कोसळून शंभरावर यात्रेकरू गेले.

आणि जुनं सगळंच परत यावं असंही मी म्हणत नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, बाकी हिंदुस्थानात बहुतेक हनफी. हरममध्ये कित्येक शतकं चार मजहबांचे (शाफई, हनफी, मालिकी, हंबली या सुन्नी धर्मशास्त्राच्या शाखा) चार वेगळे इमाम, चार वेगळ्या जागा. शाफई इमाम मकाम-ए-इब्राहीमच्या (इब्राहीम उभे राहिले असं मानतात तो काब्याजवळचा दगड) मागे उभा राहायचा. इब्न जुबैर नावाचा अंदलुसी प्रवासी ११८३ मध्ये आला होता, त्याने लिहिलंय की मगरिबला (सूर्यास्ताची नमाज) वेळ कमी म्हणून चौघे एकदम नमाज सुरू करायचे आणि एकमेकांच्या तकबीरी ('अल्लाहु अकबर'चे पुकारे) ऐकून लोकांचा घोटाळा व्हायचा, कुणी कुणाच्या मागे रुकू (वाकणं) करतोय कळायचं नाही. सौदी राज्य आल्यावर ते बंद होऊन एकच इमाम, एकच जमात झाली. वहाबी विचारांशी माझं बऱ्याच बाबतींत पटत नाही, पण या एका गोष्टीसाठी मी त्यांना दुआ देतो. माझ्या शेजारी हनफी, पलीकडे मालिकी, आणि सगळे एका आवाजावर झुकतात.

इतिहासाचं_पान
'काय उरलंय' याचं माझं उत्तर. १६३० नंतरच्या काब्याच्या भिंती. काळ्या दगडाचे तुकडे, चांदीच्या कड्यात. मकाम-ए-इब्राहीमचा दगड, जो १९६७ पासून काचेच्या आवरणात आहे, त्याआधी त्याच्यावर छोटी इमारतच होती. जमजम. सफा-मरवाचे उरलेसुरले खडक. उस्मानी कमानींचा काही भाग, जो २०१० नंतरच्या कामात सुटा करून, दुरुस्त करून पुन्हा उभा केला. आणि यादीत कुणी धरत नाही अशी एक गोष्ट, काब्याची किल्ली. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी किल्ली उस्मान इब्ने तल्हा यांना परत दिली, जे आधीपासूनचे किल्लीदार होते. त्यांच्याच बनी शैबा घराण्याकडे ती आजही आहे. उमय्या गेले, अब्बासी गेले, ममलूक, उस्मानी, हाशमी शरीफ गेले, सौदी आले, दार उघडायला त्याच घरचा माणूस येतो.

वाचनवेडी
किल्लीचं हे कमाल आहे. पण मग हर्णैकर, तुमची हळहळ नक्की कशाची? कमानी तर परत लावल्यात.

हर्णैकर
बागवानभाईंनी लिहिलं तेव्हाच मला ते स्पष्ट झालं होतं. मताफ (तवाफाचं अंगण) रुंद करायला घुमट हलवले, त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते उमर यांच्या वेळेपासून चालत आलंय आणि ते तवाफ करणाऱ्यांसाठी आहे. अजयादचा किल्ला अठराव्या शतकाच्या शेवटी उस्मानींनी बांधला तो हरमच्या रक्षणासाठी. तो आणि त्याच्या खालची टेकडी सपाट केली ती तवाफाला जागा कमी पडली म्हणून नव्हे, टॉवर आणि हॉटेलांसाठी. ज्या घरात राजा आणि हमाल एकाच कापडात येतात त्या घराच्या उंबऱ्यावर खोलीचं भाडं काब्याच्या दर्शनानुसार लागतं, हे मला सहन होत नाही. कमान साहेब, तुमच्या गर्दीच्या मुद्द्यात हॉटेल बसत नाही.

कमान_आणि_कळस
थोडं बसतं. एवढी माणसं रात्री झोपणार कुठे? जवळ उंच बांधल्याशिवाय लांबून पायी येणाऱ्यांची गर्दी रस्त्यावर वाढते. पण भाड्याचा मुद्दा स्थापत्याचा नाही, धोरणाचा आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूने. त्याच टॉवरचे चार मजले रुबात म्हणून राखून ठेवले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं.

बीडचा_बागवान
चार नको, दोन द्या!

सलमाआपा
आमीन.

हातमागवाली
माझी एक मैत्रीण मालेगावची, रमजाननंतर उमऱ्याला चालली आहे. तिला या जुन्या कमानी बघायच्या असतील तर कुठे दिसतील?

सलमाआपा
मताफच्या कडेलाच, तळमजल्यावर. नव्या उंच बांधकामाच्या पुढे एक बुटकी ओळ दिसेल, दगडी खांब आणि वर छोटे घुमट, तीच. तवाफ चालू असताना मधे थांबायचं नाही, मागून लोक येतात. तवाफ संपला, मकाम-ए-इब्राहीमच्या मागे जागा मिळेल तिथे दोन रकात नमाज झाली, जमजम प्यायलं की मग कडेला जाऊन खांबाजवळ बसायचं. फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर थोडा वेळ गर्दी विरळ असते. तिला म्हणावं चपला पिशवीत घालून बरोबर ठेव, दारात सोडल्या तर सापडायच्या नाहीत, आणि कुठल्या दाराने आत आलो त्याचा नंबर लक्षात ठेव.